हवा संपल्याची खूण

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीने आम्हा दोघांना एका बेटावर धाडलं, पाण्याखाली डुबकी मारायला. पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ बघायचं. तिकिटं हातात देताना तिचे डोळे भरून आले होते. बिचारीला काय ठाऊक, की आदल्याच आठवड्यात तिच्या बापाने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला सांगितलं होतं, "मी वेगळं राहायचं म्हणतोय."

दुसरी बाई नाही, भांडण नाही. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या.

"मी घरात पाहुण्यासारखा राहतो गं," हे म्हणाले. "तुलाही ते कळतं."

"पाहुणे निदान गोड बोलतात," मी म्हटलं. ते हसले नाहीत. लेकीचं मन मोडायला नको म्हणून सहलीला जायचं आणि परत आल्यावर तिला सांगायचं, हेही त्यांनीच ठरवलं. म्हणजे माझ्या हातात उरली ती एवढी सहल. तेवढ्यात या माणसाचं मन वळवायचं होतं. वळलं तर घर राहणार होतं, नाही तर नाही.

मी चष्म्याच्या दुकानात असते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलते आणि विचारते, "हे स्पष्ट की हे?" आमचे हे लिफ्ट तपासतात. दोर, ब्रेक, दारं. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारा माणूस, जिना उतरून पुन्हा वर येऊन कुलूप ओढून पाहणारा. इतकी वर्षं मी त्याला उगाचचा संशय म्हणत आले.

बेटावर आमच्या वाट्याला आली ती एक खोली, एक कुरकुरणारा पंखा आणि दोन पलंग जोडून केलेला एक पलंग. यांनी पहिल्याच दुपारी दोन्ही पलंग वेगळे केले आणि मधल्या फटीत बॅगा लावल्या. पलंगाचे पाय डुगडुगत नाहीत ना, तेही वाकून पाहिलं. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही एकाच पलंगावर खेटून बसलो आणि यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. फोन बंद झाल्यावर हात उचलला आणि चार्जर शोधायला गेले.

डुबकी शिकवायची जागा म्हणजे पत्र्याची शेड. दांडीवर ओले रबरी पोशाख टांगलेले, खाली पाण्याच्या टबात डोळ्यांवरचे मुखवटे बुडवून ठेवलेले, आणि सगळीकडे रबराचा आणि परक्या पायांचा वास. शिकवणारी मुलगी उन्हाने रापलेली, केस खारट पाण्याने काथ्यासारखे झालेले. मी मनातल्या मनात तिला मासोळी म्हणू लागले. तो पोशाख चढवताना माझी जी त्रेधा उडाली ती सांगण्यासारखी नाही. लहान अभ्र्यात उशी कोंबतात तसं मला मासोळीने त्यात कोंबलं.

"पाण्याखाली एकट्याने राहायचं नाही," मासोळी म्हणाली. "काका-काकू, तुम्ही एकमेकांचे जोडीदार. उतरण्याआधी एकमेकांचे पट्टे तपासायचे. खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहेस ना?' उत्तरही तोच गोल. उत्तर आलं नाही तर सगळं सोडून जोडीदाराजवळ जायचं. आणि गळ्यावरून हात आडवा फिरवला, तर हवा संपली."

"घरी वापरायला बऱ्या आहेत," मी म्हटलं. मासोळी हसली. हे माझा पट्टा ओढून बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा हात मला आपणहून लागला होता.

सराव किनाऱ्याजवळ झाला. मी गळ्यावरून हात फिरवला. यांनी आपल्या जाकिटाला लावलेली जादा नळी सोडवून माझ्या तोंडाशी दिली, माझ्या खांद्याचा पट्टा मुठीत धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. नियमच तसा. एकमेकांवरची नजर काढायची नाही, एका लयीत श्वास घ्यायचा आणि सावकाश वर यायचं. पाणी जेमतेम छातीएवढं होतं, उभी राहिले असते तर नाटक तिथंच संपलं असतं. मी उभी राहिले नाही. रोज हजार डोळे बघणारी बाई मी, पण नवऱ्याचे डोळे तपकिरी आहेत आणि डाव्यात एक काळा ठिपका आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

मग खरा समुद्र. होडीतून मागच्या मागे पडायचं आणि हळूहळू खाली जायचं. लेकीने दाखवलेल्या फोटोत प्रवाळ लाल, जांभळं, केशरी होतं. आम्हाला दिसलं ते बरंचसं पांढरं, धुऊन वाळत घातलेल्या हाडांसारखं. मधूनमधून एखादा पिवळा मासा वाट चुकल्यासारखा फिरत होता.

"पाणी फार तापलं यंदा," वर आल्यावर मासोळी म्हणाली. "मेलेलं नाही अजून. उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर रंग परत येतो."

"आणि नाही निवलं तर?" मी विचारलं.

"मग शेवाळ चढतं," ती म्हणाली आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाच्या टाकीचा काटा बघत पुढे सरकली. कुणात किती हवा उरली, ते ती दर वेळी बघायची. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही यांच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी आम्हा दोघांना बरोबर समजतं.

पण पाण्याखाली मला नवरा होता. दर थोड्या वेळाने मागे वळायचा, गोल करून विचारायचा, मी गोल केला की मान हलवून पुढे जायचा. माझा पाय प्रवाळाला लागणार असं दिसलं की हात धरून बाजूला घ्यायचा. वर आलं की तोच माणूस जेवणाच्या टेबलावर ताटात बघून जेवायचा आणि "मीठ दे" यापलीकडे बोलायचा नाही. मी गप्पा काढून पाहिल्या, जुने विनोद काढून पाहिले, चांगली साडीसुद्धा नेसून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. सहल सरत आली आणि माझा धीर सुटला.

शेवटून दुसऱ्या डुबकीला आम्ही वाळूच्या एका मोकळ्या पट्ट्यावर होतो. मासोळी पुढे, हे माझ्या पुढे हातभर अंतरावर. ते गोल करायला वळले, आणि मी गळ्यावरून हात फिरवला.

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. टाकीत भरपूर हवा होती. फक्त एकदा पुन्हा तसं धरावं, एवढंच मनात होतं.

ते असे आले की खालची वाळू उसळून सगळं गढूळ झालं. शिकवल्याप्रमाणे जादा नळी द्यायची, ते विसरले. स्वतःच्या तोंडातली नळी काढून त्यांनी माझ्या तोंडात घातली आणि मग स्वतःसाठी दुसरी चाचपडू लागले. ती हाताला लागेना. त्यांच्या तोंडातून बुडबुडे निघत होते, डोळे विस्फारले होते, पण माझा पट्टा त्यांनी सोडला नाही. मासोळीने वळून ती नळी त्यांच्या हातात दिली. आम्ही वर येऊ लागलो. ते माझ्या डोळ्यांत बघत होते आणि मी, देवा, मी सुखात होते.

होडीत त्यांना खोकल्याची उबळ आली. खारं पाणी ओकले. तरी माझा हात हातातच. ओठ निळसर पडले होते. "गेलीस असं वाटलं," ते म्हणाले. मग इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "ते वेगळं राहायचं, ते राहू दे आत्ता. घरी जाऊ. बघू."

एवढंच तर हवं होतं मला. मी मान त्यांच्या ओल्या खांद्यावर टेकवली.

"काकू," मासोळी म्हणाली, "तुमच्या टाकीत तर अर्ध्याहून जास्त हवा आहे."

वर आल्यावर काटा बघतात, हे मला माहीत होतं. रोज पाहिलं होतं. खाली असताना मला वरचं काही आठवलंच नाही. मासोळीला वाटलं नळी बिघडली, ती घाबरून तपासू लागली. यांनी माझा हात सोडला, नळी तिच्याकडून घेतली आणि तोंडात धरून श्वास ओढला. सहज आला. पुन्हा ओढला. दोनदा बघितल्याशिवाय यांचं समाधान होत नाही.

खोलीत आल्यावर ते आपल्या पलंगावर बसले.

"बिघडलेली नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"मग?"

"तुम्ही येता का ते बघायचं होतं."

"आलो."

"हो."

"मी तुला मेलेली पाहिलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्या वाळूवर पडलेली. लेकीला फोनवर काय सांगायचं, तेसुद्धा डोक्यात येऊन गेलं. आणि तू बघत होतीस, मी कसा दिसतो ते."

"लांडगा आला रे आला" ही गोष्ट मीच लेकीला भरवताना सांगायची. मी म्हटलं, "चुकले मी." ते म्हणाले, "हं." मग उठून त्यांनी ओले कपडे पिळून दोरीवर टाकले, माझेसुद्धा, आणि प्रत्येकाला चिमटा लावला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी लेकीचा कॉल आला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला नाही. "घरी आलो की तुझ्याशी जरा बोलायचंय," ते तिला म्हणाले.

सकाळी शेवटची डुबकी होती. पट्टे तपासायची वेळ आली तेव्हा ते मासोळीला म्हणाले, "आज जोडीदार बदलता येईल?" मासोळीने माझ्याकडे पाहिलं. "हो, माझ्याबरोबर चला काकू," ती घाईघाईने म्हणाली. यांच्या वाट्याला एक एकटाच आलेला लठ्ठ गृहस्थ आला. यांनी त्याचा पट्टा ओढून पाहिला, बक्कल पाहिली आणि मग पुन्हा एकदा पट्टा ओढला.

खाली तोच वाळूचा पट्टा, तेच पांढरं प्रवाळ. हे आमच्या थोडं पुढे होते. दर थोड्या वेळाने मान तशीच तिरकी करून मागे वळायचे आणि त्या गृहस्थाला गोल करून विचारायचे. त्याचा पाय प्रवाळाला लागणार, तर हात धरून त्याला बाजूला घेतलं. गृहस्थाने आभाराची मान हलवली.

मला रडू आलं. पाण्याखाली रडू नये, हे कुणी शिकवलं नव्हतं. मुखवट्यात पाणी साचलं, घशात हुंदका अडकला, छाती दाबल्यासारखी झाली आणि श्वास पुरेना. काटा पाहिला तर टाकी भरलेली. या वेळी खरोखरच हवा मिळत नव्हती मला. हे दोन हातांवर होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. क्षणभर आमची नजरानजर झाली, मुखवट्याच्या दोन काचांमधून. माझा हात गळ्यापर्यंत गेला.

त्यांनी मान वळवली आणि गृहस्थाला गोल करून विचारलं.

मासोळी माझ्या समोर आली. तिने गोल केला. उत्तर द्यावंच लागतं. मी हात गळ्यापासून खाली घेतला, अंगठा आणि तर्जनी जुळवली, आणि ठीक आहे म्हटलं.