पहिली फेरी मिस्त्रीची

लिफ्टच्या दारापाशी उभी राहिले की अजून मी जिन्याकडे वळते. तशी मी भित्री बाई नाही. दातांच्या दवाखान्यात फोन घेते, दिवसभर आतल्या किंकाळ्या ऐकते आणि निवांत डबा खाते. पण त्या दाराचं नाव काढू नका.

आमचे हे लिफ्टचे मिस्त्री. शाळा अर्धवट, बाकी सगळं हातांनी शिकलेले. त्यांचे दोन नियम होते. लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय ती हलत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. दाराची दुरुस्ती करताना मात्र ती राखण काढावी लागते. चिमट्यांची एक वायर लावली की लिफ्टला वाटतं दार बंद आहे. ती वायर चुकून आत राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालते, मग संपलंच. म्हणून हे मनगटाला चिंधी बांधायचे. एक वायर लावली की चिंधीला एक गाठ. सगळ्या गाठी सुटेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आणि दुसरा नियम, काम झालं की पहिली फेरी मिस्त्रीची. गिऱ्हाईक नंतर.

आमची लेक इंजिनिअर झाली तेव्हा ह्यांनी टीव्हीच्या वर तिची पदवी टांगली. टीव्ही बघताना अर्धं लक्ष वर. लाडाने तिला इंजिनबाई म्हणायचे. त्याच सुमाराला कंपनीने कळवलं, नवे पॅनल येताहेत, आठवडाभर शिकायला या. हे म्हणाले, "घरात पदवी असताना मी आता बाकावर कशाला बसू? इंजिनबाईला घेऊन जाईन बरोबर."

"आमच्या डॉक्टरीणबाई दरवर्षी दवाखाना बंद ठेवून शिकायला जातात," मी म्हटलं.

"अजून शिकतेय? म्हणजे अर्धीच डॉक्टर! दात जपून दाखव तिला."

लेक खो खो हसली. नोकरीची वाट बघत घरी होती, तर बापाबरोबर जायला लागली. मला मनातून बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग आमच्या दवाखान्याच्याच इमारतीतली लिफ्ट बिघडली. दवाखाना सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि लिफ्टचं पॅनलही तिथेच, दाराशेजारी भिंतीत. कोरं, छोट्या पडद्याचं. माझी खुर्ची समोरच. बापलेकीचं काम बघायला मिळणार म्हणून मी खूश होते.

ह्यांनी वायर लावली, चिंधीला गाठ मारली. तेवढ्यात पॅनलने टूं केलं. पडद्यावर दोन तुटक शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"काय म्हणतंय गं हे?"

लेक वाकली. तिच्या कपाळावर आठी आली ती मी पाहिली. मला ती आठी ओळखीची आहे. लहानपणी पाढा अडला की अशीच यायची.

"कंपनीला फोन लावू का?" ह्यांनी विचारलं.

"नको हो बाबा. कळतंय मला. 'हो' दाबा."

ह्यांनी दाबलं. माझ्याकडे बघून भुवई उडवली, बघ म्हणाले, पोरगी कशी आहे! त्या दाबण्याची गाठ त्यांनी मारली नाही. पोरीच्या शब्दाला कसली गाठ?

दार दुरुस्त झालं. वायर काढली, गाठ सोडली, पाणी प्यायले. लिफ्ट चालू केली आणि दार उघडून पहिल्या फेरीला आत गेले. हत्यारांची पिशवी बाहेर राहिली होती. ती घ्यायला आतूनच वाकले. खाली कुणीतरी बटण दाबलं असणार.

दार सताड उघडं आणि लिफ्ट खाली निघाली.

ह्यांच्या पायाखालची जमीनच गेली. छातीवर आदळले ते बाहेरच्या फरशीवर. पाय आत लोंबताहेत, बोटं फरशीवर घासताहेत, आणि वरून लिफ्टचं छत ह्यांच्या पाठीवर उतरतंय.   खुर्चीतून उठता येईना. माझं कुंकू, माझं घर, माझा सगळा संसार तिथे फरशीवर आडवा पडला होता आणि मी हातात फोन धरून बसलेली.

लेकीने पॅनलवरच्या लाल बटणावर मूठ हाणली. लिफ्ट थांबली. छत आणि पाठ यांच्यात वीतभर जागा उरली असेल. हे मागे सरकत सरकत आत उतरले आणि आतूनच म्हणाले, "कुणी हात लावू नका कशाला." आवाज लहान पोरासारखा झाला होता.

लाल बटण कुठे असतं हे ह्यांनीच तिला पहिल्या दिवशी, सगळ्याच्या आधी शिकवलं होतं.

ह्यांना बाहेर काढल्यावर कंपनीला फोन लावला. समोर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा. कंपनीचा माणूस म्हणाला, "ते 'हो' म्हणजे राखण पॅनलनेच काढून ठेवायची. तुम्ही वायर काढली तरी राखण परत लागत नाही, वेगळी लावावी लागते. शिकायला आला असतात तर पहिल्याच तासाला सांगितलं असतं. कोणी दाबलं?"

"मी," हे म्हणाले. "माझीच चूक."

लेक भिंतीला टेकून खाली बसली होती. मला वाटलं, गप्प बस गं बाई, बापाने झाकलंय ना. आणि त्याच वेळी तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

"मी सांगितलं दाबायला," ती म्हणाली. "मला कळलं नव्हतं. बाबांसमोर कसं म्हणणार, इंजिनिअर असून?"

 त्या रात्री घरात टीव्ही लागला नाही.

पुढच्याच खेपेला दोघं कंपनीत शिकायला गेली. एकाच बाकावर बसली म्हणे. हे डुलकी घेतील ही माझी खात्री होती, पण डुलकी इंजिनबाईला लागली आणि ह्यांनी कोपराने ढोसलं. पदवी अजून टीव्हीच्या वरच आहे. काढायची कशाला? रात्री जागून मिळवलीय पोरीने.

काल परत आमच्या मजल्यावर काम निघालं. पॅनलने टूं केलं. लेकीच्या कपाळावर तीच आठी.  तिने फोन उचलला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे मला येत नाही. सांगा." मग 'हो' दाबलं आणि स्वतःच्या मनगटावरच्या चिंधीला गाठ मारली. वायरची एक होतीच, ही दुसरी.

शेवटी दोन्ही गाठी सुटल्या. हे पिशवी बाजूला ठेवून दाराकडे निघाले, तर तिने त्यांचा दंड धरला.

"पहिली फेरी मिस्त्रीची," ती म्हणाली. "आज काम मी केलंय."

 नाही म्हणायला तोंड उघडलं त्यांनी, आणि काय वाटलं कोण जाणे, पॅनलशी जाऊन लाल बटणावर हात ठेवून उभे राहिले. मी खुर्ची सोडून दारापर्यंत गेले. माझी एकुलती एक पोर त्या पेटीत उभी होती आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. 

तिने आतलं बटण दाबलं. उघड्या दारातून मी तिच्या पायांकडे बघत होते, जमीन हलते का ते.

दार लागलं. मग लिफ्ट हलली.