नळीखालची घडी

मित्रांनो, चुलीच्या वरच्या भिंतीवर हरणाच्या शिंगांवर आडवी ठेवलेली जी रायफल दिसते, ती मी. वय पंचेचाळीस, नळी बारीक, वजन बेताचे. स्वभाव जरा हट्टी आहे असे लोक म्हणतात. माझे म्हणणे आजवर कोणी विचारले नाही, म्हणून आज आपणहून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या कांबीला आरपार भोक पाडले, आत पीळदार खाचा कोरल्या आणि अक्रोडाच्या लाकडी दस्त्यात मला बसवले. त्या दिवशी माझ्यासारख्या चारशेजणी तयार झाल्या. सगळ्या सारख्या दिसत होतो, पण सारख्या नव्हतो. ते मालकाच्या हातात गेल्यावरच कळते.

मला आर्वोने घेतले. आर्वो लोखंडाच्या खाणीत कामाला होता. त्याची बायको लेम्पी कागदाच्या गिरणीत, कागद तपासण्याच्या खोलीत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या आमच्या जंगलात पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते आणि त्या दिवशी शाळांनासुद्धा सुट्टी असते. आर्वो, लेम्पी आणि आर्वोचा खाणीतला दोस्त रुडी यांनी मिळून जंगलात ही खोपटी बांधली. शेजारी अंग शेकायला सौना बांधली. आत चूल, तीन खाटा आणि पत्त्यांचा एक जोड, एवढाच संसार.

खोपटीचा नियम मात्र कडक होता. आर्वोने तरुणपणी एक हरीण नुसतेच जखमी केले होते. बर्फातल्या रक्तामागे तो दोन दिवस फिरला, पण ते सापडले नाही. त्यानंतर त्याने ठरवले की शिकारीच्या आधीच्या शनिवारी प्रत्येकाने शंभर पावलांवरच्या कागदावर तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही गोळ्या चहाच्या बशीएवढ्या गोलात बसल्या तर जंगलात जायचे. एकही बाहेर गेली तर त्या वर्षी चूल सांभाळायची. चुलीवाल्याचे नाव वहीत लिहायचे. अंधार पडेपर्यंत ते बदलता येते, नंतर नाही. वारा होता, हात गारठले होते, असली कारणे ऐकली जात नसत.

पहिली बारा वर्षे मी बशी सोडली नाही. मग माझ्या दस्त्याचे लाकूड आटले आणि गोळ्या भरकटू लागल्या. आर्वोने हरतऱ्हेचे उपाय केले. शेवटी एका दुपारी खोपटीत एकटा असताना त्याने माझे स्क्रू सैल केले, इकडेतिकडे पाहिले, आणि हाताला लागलेल्या एका जाड कागदाची घडी करून नळीच्या पुढच्या टोकाखाली, दस्त्याच्या खोबणीत सरकवली. माझी नळी बारीक. गोळी सुटताना ती थरथरते आणि तिला पुढे थोडा टेकू लागतो. टेकू मिळाला आणि तिन्ही गोळ्या बशीत बसल्या. आर्वोने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही.

त्याच वर्षी पत्त्यांतली चौकटची सत्ती हरवली. आर्वोने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लाल पेन्सिलीने सात चौकटी काढल्या आणि काम भागवले. वर हरवल्याचे खापर रुडीवर फोडले. "पत्ताचोरा, वाट," असे म्हणून तो त्याच्यापुढे जोड सरकवायचा. हे पुढे एकोणतीस वर्षे चालले.

आर्वोचे डोळे अधू झाले तेव्हा त्याच्या गोळ्या बशीबाहेर गेल्या. त्याने लगेच वहीत स्वतःचे नाव लिहिले, मला लेम्पीच्या हाती दिले आणि दोन वर्षे सगळ्यांना पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, करून वाढल्या. त्या बऱ्याच खारट व्हायच्या. चार वर्षांपूर्वी तो गेला.

आता क्रेगविषयी सांगते. क्रेग म्हणजे लेम्पीचा जावई. माणूस सरळ, कष्टाळू, सासूवर जीव असलेला, आणि वाचन भारी. एप्रिलमध्ये लेम्पीला एकाहत्तरावे लागले. वाढदिवसाची भेट म्हणून त्याने मला शहरात नेऊन सजवून आणले. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, नवी दुर्बीण, हलका चाप आणि नळीच्या तोंडावर झटका कमी करणारे टोपण. मी स्वतःला ओळखले नाही.

"आई, आता बशी राहू द्या, ही बटणात गोळी घालील," क्रेग म्हणाला.

लेम्पीला कौतुक वाटले. तिने फक्त विचारले, "जुना दस्ता कुठाय?"

"सौनाच्या सरपणात टाकलाय. वाळकं लाकूड आहे, छान जळेल."

आणि सौना तर दर शनिवारी पेटते.

सप्टेंबरात लेम्पी माझ्याबरोबर सरावाला बसली. एक गोळी वर गेली, एक डावीकडे, आणि तिसरी कागदालाच लागली नाही. क्रेगने दुर्बिणीचे स्क्रू आवळले. तीन तऱ्हेची काडतुसे आणली. माझी नळी आतून इतकी घासली की चकाकली. गोळ्या तशाच गावभर. बंदुकीचे सगळे तपासून झाले, तेव्हा सगळ्यांची नजर लेम्पीच्या हातांकडे वळली.

"आई, वय झालं की होतं थोडं असं. त्यात काही कमीपणा नाही," क्रेग हळूच म्हणाला.

रुडीला हळू बोलता येत नाही. तो म्हणाला, "लेम्पे, तू डोळे मिटून मार. निदान हरणांना तरी अंदाज येणार नाही!"

लेम्पी मोठ्याने हसली. मग घरी एकटी असताना दोन्ही हात पुढे पसरून बराच वेळ बघत राहिली. ते थरथरत नव्हते, मी समोरच होते. दोष माझ्या नळीखाली होता आणि संशय तिच्या हातांवर आला, याचे मला फार वाईट वाटले. पण तोंड असून बोलता येत नाही अशी आमची जात.

नोव्हेंबरातला तो शनिवार आला. रुडीच्या तिन्ही गोळ्या बशीत बसल्या, क्रेगच्याही बसल्या. लेम्पीच्या दोन बाहेर गेल्या. ती उठली, आत गेली आणि वहीत लिहून आली, 'लेम्पी – चूल'. मग मला क्रेगच्या हातात देत म्हणाली, "ही आता तू वापर. आर्वोने कुरकुर केली नव्हती, मीही करणार नाही."

क्रेगने खाली बघत मला हातात घेतले. रुडीने आपली बंदूक पुढे केली.

"घे, माझ्या बंदुकीने तीन मार. राग इथेच काढ. उद्या पास्टीत काढलास तर आम्ही मरू."

लेम्पी बसली. तीन बार झाले. रुडी कागद बघायला गेला आणि परत येताना पळत आला. त्या वयात पळणे त्याला शोभत नव्हते.

"अगं ए बाई! बशी कुठली, तिन्ही एका बिस्किटाखाली झाकतील!"

लेम्पीने कागद हातात घेऊन तिन्ही भोकांवरून बोट फिरवले. "म्हणजे मी बरी आहे," ती म्हणाली. "आजारी ही आहे. क्रेग, गिरणीत कागद फाटायला लागला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायचो. तू एकदम चार बदलल्यास. आता एकेक मागे घेऊ."

दुपारचे दोन वाजले होते आणि पाचला अंधार पडतो. टोपण काढले, तीन गोळ्या मारल्या, फरक नाही. नळी निवेपर्यंत कॉफी आणि वेलदोड्याचा पाव झाला. जुनी दुर्बीण बसवली, तीन गोळ्या, फरक नाही. पुन्हा कॉफी.

"चाप राहू दे," लेम्पी म्हणाली, "तो मला आवडलाय, आणि नुसत्या चापामुळे गोळी इतकी भरकटत नाही. राहिला दस्ता."

"दस्ता असणं शक्यच नाही, आई," क्रेग म्हणाला. त्याने कागदाची पट्टी घेतली आणि नळी व काळा दस्ता यांच्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून दाखवली. "बघा, कुठे टेकत नाही. नळी मोकळी पाहिजे, सगळे जाणकार हेच सांगतात."

"सांगत असतील. जुना आण."

क्रेगचा चेहरा उतरला. "आई, गेल्या शनिवारी सौना पेटवताना मी सरपण..."

पुढचे कोणी ऐकले नाही. तिघे सौनाकडे धावले. ओंडके भराभर बाजूला पडू लागले. ढिगाच्या अगदी तळाशी, भिंतीला टेकून, माझा अक्रोडाचा दस्ता होता. कोळ्याने त्यावर जाळे विणले होते. आणखी एखादा शनिवार गेला असता, तर ही गोष्ट सांगायला मी उरले नसते.

लेम्पीने तो उजेडात धरला. खोबणीच्या टोकाशी तेलाने काळी पडलेली घडी चिकटलेली होती.

"तो कचरा मला तेव्हा दिसला होता," क्रेग म्हणाला. "कोणी कागद कोंबलाय, असं वाटलं."

लेम्पीने नखाने घडी सोडवली आणि उलगडली. चौकटची सत्ती.

रुडी मटकन ओंडक्यावर बसला. "एकोणतीस वर्षं! त्या माणसाने एकोणतीस वर्षं मला चोर म्हटलं! त्याच्या अंत्यविधीलासुद्धा मी मनातल्या मनात माफी मागितली रे, सापडली नाही म्हणून!"

लेम्पीचे तिकडे लक्ष नव्हते. पत्त्याच्या कडेला पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते. ते वाचून ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"'काढू नये,'" तिने वाचून दाखवले. "आणि हे लिहिलंय कुठे, तर काढल्याशिवाय दिसणार नाही तिथे. असा माझा नवरा."

मग ती कामाला लागली. पत्त्याची घडी तिने बोटांत धरून पाहिली. तीस वर्षे कागद तपासलेली बोटे ती. "दबून पातळ झालाय. वर्तमानपत्राच्या दोन पदरांइतका कमी पडेल." ती आत गेली आणि वहीतला कागद फाडून आणला. दोन पदरी दुमडून तिने तो पत्त्याखाली ठेवला, वर मला बसवले आणि स्क्रू आवळले. त्या कागदावर 'लेम्पी – चूल' असे लिहिलेले होते.

उजेड जेमतेम उरला होता. तीन बार झाले. क्रेग कागदाकडे गेला, मोजून बशी लावून पाहिली, आणि आनंदाने तिथूनच ओरडला, "तिन्ही आत!"

"मग आता चूल कोण सांभाळणार?" रुडीने विचारले.

"मी," क्रेग म्हणाला. त्याच्या गोळ्या बशीत होत्या, त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने वहीच्या नव्या पानावर स्वतःचे नाव लिहिले.

मित्रांनो, आज पंधरा नोव्हेंबरची सकाळ आहे. लेम्पी बूट चढवते आहे आणि थोड्याच वेळात मला शिंगांवरून उतरवील. काल संध्याकाळी तिघे पत्ते खेळले तेव्हा क्रेग म्हणाला, "आई, नवा जोड आणू का?" लेम्पीने पुठ्ठ्याची सत्ती उचलून धरली आणि म्हणाली, "हिला हात लावायचा नाही."

तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. त्या नव्या करा, रंगवा, आमची हरकत नाही. पण एखाद्या फटीत कोंबलेला कागद दिसला, तर कचरा म्हणण्याआधी तो कोणी ठेवला हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि वस्तू बिघडली तर आधी वस्तू तपासा. माणसाच्या हातांवर संशय सगळ्यात शेवटी घ्या, कारण त्या दिवशी रुडीने आपली बंदूक पुढे केली नसती, तर लेम्पी आज चुलीपाशी बसली असती आणि तिने आपल्या हातांना कधीच माफ केले नसते.