टिटवीच्या अंड्यांची राखण

मी एक जुनी काठी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, मित्रांनो. सुताराने मला चिवट फांदीतून तासलं, तेल पाजलं आणि सासूबाईंच्या हाती दिलं. नदीकाठच्या रानात लोकांना पाखरं दाखवत फिरवणं हे त्यांचं काम. वीस वर्षं माझ्या टोकाकडे बघूनच लोकांना खंड्या दिसला, घुबड दिसलं. कौतुक मात्र दुर्बिणीचं! पुढे सासूबाईंचा गुडघा धरला आणि मी दाराआड गेले. कोळिष्टकं काढायची असली की तेवढी आठवण.

यंदा त्यांच्या सुनेने हे काम हाती घेतलं. सासूबाई लंगडत सगळ्यांच्या मागून आल्या, पण मला मात्र त्यांनी सुनेलाच दिलं. मान महत्त्वाचा, गुडघा नव्हे.

नदीच्या गोट्यांत टिटवीची चार अंडी होती, गोट्यांच्याच रंगाची. कुणाचा पाय पडू नये म्हणून सुनेने मला शेजारी रोवलं आणि माणसं घेऊन ती पुढे गेली. मी ताठ उभी. म्हटलं, आता बघू कोण येतंय.

आला कावळा. थेट माझ्याच डोक्यावर बसला आणि तिथून त्याला अंडी दिसली. टिटवी ओरडून ओरडून घिरट्या घालत होती. कावळा खाली उतरला. मला ना हात, ना तोंड. तो अंड्यांपासून वीतभर अंतरावर आला, तोच एक चप्पल भिरभिरत आली. मागून सासूबाई! कावळा पळाला. त्यांनी वाकून पाहिलं. चारही शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

आरडाओरडा ऐकून सून धावत आली.

"कावळ्याला बसायला खुर्ची मांडून गेलीस होय गं?"

"पाय पडू नये म्हणून रोवली, आई. तुम्ही कधी सांगितलंत का, खूण करायची नाही म्हणून?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही सांगितलं. सगळं मीच करत होते ना. आता सांगते. आधी ती चप्पल आण."

त्यांनी मला उपटलं, माझ्यावर भार टाकला आणि सगळ्यांना लांब नेलं. तिथून दुर्बिणीतून सुनेने पाहिलं आणि हळूच सांगितलं, "बसली."

मित्रांनो, घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि लवकर निघा. राखणदार म्हणून मिरवायची हौस मलाही होती. पण मी तिथून हलले, तेव्हा कुठे त्या आईला आपल्या अंड्यांवर बसता आलं.