तुकडी टिकली

दिवाळी झाली की सुरगाण्याकडची गावं ओस पडतात. माणसं पोराबाळांसकट द्राक्षबागांच्या कामाला खाली वणी-दिंडोरीकडे उतरतात आणि शाळेत बाकं तेवढी उरतात. मास्तरांनी शिकवावं कुणाला, भिंतींना? त्यात वर्गतपासणी यायची ती नेमकी याच दिवसांत. पोरं कमी भरली की दहावीची तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की सगळ्यात नव्या मास्तराची नोकरी गेली.

सगळ्यात नवे होते दीपक सर, नाशिकरोडचे, गणित शिकवणारे. हेडसरांनी त्यांच्यासाठी जीप ठरवली. "तपासणीपुरती पोरं घेऊन या. दरसाल आणतो आपण," ते म्हणाले, बाजारातून भाजी आणायला सांगावं तसं.

वणीच्या अलीकडे एका बागेत मीना सापडली. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, यंदाच या शाळेत आलेली, द्राक्षाचे घड विरळत उभी होती. सरांना पाहून तिची आई कमळाबाई हरखून गेली.

"पोरीसाठी एवढ्या लांब आले सर? कोन येतं हो! न्या, न्या. शिकू द्या तिला. आमी करू आमचं."

एका दिवसासाठीच नेतोय, हे सांगायला सरांची जीभ रेटेना.

तपासणी झकास झाली. मीनाने फळ्यावर प्रमेय सिद्ध केलं, साहेब खूश झाले, तुकडी टिकली. दुपारनंतर जीप पुन्हा दारात लागली. बाकीची पोरं मुकाट्याने चढली; त्यांना सवय होती. मीना मात्र घर झाडून, पाणी भरून आली होती.

"मी नाय जायची सर. आता हितंच राहते. माझ्या जागी आईनं दुसरी बाई लावली."

सर हेडसरांकडे धावले, अक्षरशः हात जोडले. पण एकटी पोर रिकाम्या गावात ठेवायची कुणी? वसतिगृह नाही, सरांची खोली एकट्या पुरुषाची. "काही झालं तर शाळेचं नाव जाईल," हेडसर म्हणाले. शाळेचं नाव! जीव नुसता संतापून जावा.

सोडायला सर स्वतः गेले. बागेत तिच्या ओळीत दुसरी बाई काम करत होती. लेक जीपमधून उतरताना पाहून कमळाबाई लगबगीने पुढे आली.

"सुट्टी लागली का सर?"

मीना सरांकडे बघत होती.

"हो," सर म्हणाले.