दोन मनगटांचा पट्टा

त्या शनिवारी दुपारी कलावतीने माझ्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, मला रुमालात गुंडाळलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं. मग ती गवार निवडायला बसली. मित्रांनो, आमचा तो शेवटचा साधा दिवस. सोमवारी ठाण्याच्या ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या, तिचं हृदय थांबलं.

मी चामड्याचा एक पट्टा आहे. माझी हकीकत मोठ्या माणसांसाठी आहे.

१९९० साली नौपाड्यात चपला शिवणाऱ्या महिपतने मला घडवलं. कलावतीने सांगितलेली लांबी ऐकून तो म्हणाला, "बाई, हत्तीच्या मनगटाला बांधायचाय काय?" ती हसली. "हत्तीणच आहे मी आमच्या ऑफिसातली."

ते खोटं नव्हतं. टेलिफोन ऑफिसात तीस बायका तिच्या हाताखाली होत्या. डोंबिवलीच्या घरी सासूबाईंच्या गोळ्या, गॅसचा नंबर, पाहुण्यांचं जेवण, सगळं तिला विचारून व्हायचं. तिचा नवरा गुरुदत्त केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होता. भला माणूस, पण कुठला शर्ट घालू हेसुद्धा तिलाच विचारायचा.

एकदा तिने त्याला सांगितलं, की आठवड्यातला एक तास मला काहीच ठरवायचं नाही. तुम्ही सांगा, मी ऐकेन. माझे हात बांधा. तो घाबरला. घाबरली तीही होती, आपलं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. शेवटी डोकेदुखीचं निमित्त करून ती नौपाड्यातल्या डॉक्टर सरस्वतीबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, "हा आजार नाही. पण विचारल्याशिवाय बकल लावायचं नाही. पट्ट्याखाली एक बोट गेलं पाहिजे. आणि थांबायचं असेल तर एक शब्द ठरवून ठेवा, जो एरवी तोंडात येणार नाही."

तिने शब्द ठरवला, मुंब्रा, तिच्या रोजच्या लोकलच्या वाटेवरचं स्टेशन.

शनिवारी सासूबाई भजनाला जायच्या, मुलगी हेमा कॉलेजात असायची. गुरुदत्त विचारायचा, "लावू?" ती मान हलवायची. मग ती त्याच्या पायाशी चटईवर बसायची आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिटायची, सांगेल तेव्हा उघडायची. त्या तासात तिचे खांदे खाली यायचे. मला ते कळायचं, कारण तिची नाडी माझ्याखाली हळूहळू संथ व्हायची. नंतर चहा तो करायचा, बेचव.

चूकही झाली. एकदा ती ऑफिसातून फार दमून आली. तिला बरं वाटेल म्हणून त्याने न विचारताच मला तिच्या हातांवर लावलं. ती एवढंच म्हणाली, "मुंब्रा." त्याने तत्क्षणी मला सोडलं आणि तोंड झाकून रडला. त्या दिवशी चहा तिने केला.

१९९३ साली एका शनिवारी हेमा लवकर घरी आली. ती एकवीस वर्षांची होती, पुष्कळ वाचायची, मोर्चांना जायची. टेबलावर मी होतो आणि आईच्या मनगटांवर माझा पुसट वळ. ती बापाकडे बघायलाही तयार नव्हती. आई सांगू लागली, की हे माझंच म्हणणं आहे, बाबांचं नाही. हेमाने पुरतं ऐकलं नाही. "बाहेर तीस बायकांवर हुकूम चालवतेस आणि घरात गुलाम? मला लाज वाटते तुझी."

त्यानंतर त्या दोघी बोलायच्या, पण भाजी, पाऊस, सासूबाईंचे गुडघे एवढंच. हेमा नोकरी लागल्यावर कळव्याला राहायला गेली. शनिवारी घरी यायची नाही. पाच वर्षं मी कलावतीच्या मनगटांवर असताना ती कधीतरी दाराकडे बघायची.

कलावती गेली तेव्हा बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, ओटी भरली. मला कोणी आणलं नाही. मी साड्यांखालीच होतो. एकेक साडी कमी होत गेली, कोणी आठवण म्हणून नेली, कोणी अशीच. मी कोरडा पडत चाललो. चामड्याला रोज हात लागला नाही तरी चालतं, पण तेल लागलं नाही, तर ते आतून तडकतं. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचं तरी असं काही साड्यांखाली असेल. ते कळलं नाही तरी चालेल. पण निकाल देण्याआधी विचारा.

महिन्याने हेमा आईचं कपाट आवरायला आली आणि तिने खोबरेलाचा वास लागलेला रुमाल उलगडला. मला हातात घेऊन ती गुरुदत्तसमोर उभी राहिली. पाच वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच काही विचारलं. "बाबा, याला तेल लावू?"

त्याने भिंतीवरच्या कलावतीच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "तिला विचार. पट्टा तिचा आहे."

हेमा फोटोसमोर चटईवर बसली. बोट तेलात बुडवलेलं, पण मला अजून लावलेलं नाही.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "तू गुलाम नव्हतीस. मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारते. लावू?"