बाईंचं वजन

गोळी पांढरी, तुरीच्या डाळीएवढी — जिभेवर राहिली की विरघळून कडू जहर होते, म्हणून मनिषा ती गालात दाबून धरते आणि आईच्या डोळ्यांदेखत पाण्याचा पेला रिकामा करते.

"गिळली का गं?" सरजाबाई विचारते.

मनिषा मान हलवते आणि मोरीत जाऊन थुंकते. आज सहावा दिवस.

दीड वर्षापूर्वी आईने तिला आपली एक किडनी दिली. अंगाने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी या गोळ्या जन्मभराच्या. पण त्यातल्या या एकीने चेहरा भाकरीसारखा फुगवला, अठ्ठेचाळीस किलोची मनिषा शहात्तरला नेली आणि भूक अशी लावली की जेवून उठतानाच पुढच्या जेवणाची वाट. आईला मात्र कौतुक. येईल त्याला सांगते, "माझी लेक अंगानं कशी भरली बगा!" ...तुझं काय जातं, आई. तू दिलंस आणि मोकळी झालीस. उपकार सांभाळत फुगायचं ते मी.

मुखेड तालुक्यातल्या या गावात ती बारा वर्षं अंगणवाडी सेविका आहे, आणि आज पोरांच्या वजनांचा दिवस होता. पूर्वी एखाद्या पोराचा आकडा चढला की ती मोठ्याने ओरडायची, "वाढलं!" आताशा नुसतं लिहिते. तो शब्द तिच्या तोंडून निघाला की बायका एकमेकींकडे बघतात.

महादेवीचा श्रीशैल तीन महिने एकाच आकड्यावर अडला होता.

"सकाळी काय देता याला?" मनिषाने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आमी काय देतो ते ऱ्हाऊ द्या," महादेवी म्हणाली. "हितली खिचडी कुनाच्या अंगी लागायली, ते दिसायलंय की समद्यांना."

बायका हसल्या, तोंडाला पदर लावून, म्हणजे जास्तच. मदतनीस मंजुषा — ती खिचडी स्वतः शिजवते, तिला खरं काय ते माहीत आहे — खाली मान घालून ताटल्या विसळत राहिली. एक शब्द बोलली असती तर जीभ झडली असती का? मेली भित्री. मेल्या सगळ्याच. पोरांना वाढण्याआधी सेविकेने चव बघायची असा नियमच आहे, एक चमचा... आणि एकदा, एकदाच, तिने तीन चमचे खाल्ले होते, दाराकडे पाठ करून, भराभरा. कोणी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून तिने चवही सोडली. तरी गेल्या आठवड्यात ग्रामसभेत तक्रार करायची, बाईच बदलायची भाषा झाली, आणि दुसऱ्या सकाळी तिने पहिली गोळी थुंकली. बारीक होऊनच दाखवते म्हणाली, मग बघू कोण तोंड उघडतं.

बायका गेल्या, मंजुषाही पाणी आणायला गेली. मनिषाने दार लोटलं, चपला काढल्या आणि गरोदर बायांच्या वजनकाट्यावर उभी राहिली. सहा दिवस, अर्ध्या भाकरीवर... दोन किलो तरी उतरले असतीलच.

एकोणऐंशी.

ती उतरली, पुन्हा चढली. एकोणऐंशी. मग डायलिसिसच्या दिवसांतली एक जुनी सवय हाताला आपोआप आठवली: तिने साडी वर धरली, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला, तो भरेना. ही चरबी नव्हती. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन एकदम चढलं तर ते पाणी समजा आणि त्याच दिवशी या. कालपासून लघवीही कमीच होती, हे आता आठवलं... आठवलं कसलं, माहीतच होतं. आईने दिलेलं आत गुदमरत होतं आणि मनिषा बायकांची तोंडं बंद करायला निघाली होती.

काय सांगू तिला? की तू दिलेलं मी मोरीत थुंकले, सहा वेळा?

दार ढकललं गेलं. श्रीशैलची टोपी राहिली होती, ती न्यायला महादेवी परत आली होती. तिने काट्याकडे पाहिलं, मनिषाच्या उघड्या नडगीकडे पाहिलं आणि ओठ मुडपले.

"किती भरलं, बाई?"

"एकोणऐंशी."

खोटं सांगायचं सुचलंच नाही. या बाईचा इतका तिरस्कार तिला कधी वाटला नव्हता, आणि तरीही — टोपी घेऊन अशी वळू नको, मेले, अजून एक प्रश्न विचार. का वाढलं ते विचार. तुला सांगता आलं, तर आईला सांगता येईल...