कुंकू लागलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा डबा आहे. दिसायला तांब्याएवढा, पण उचलायला जाल तर कंबर धराल. एवढं वजन पाहून लोकांना वाटतं, आत काहीतरी मोठं असणार. वजनदार माणसांबद्दलही त्यांचा असाच समज असतो. माझ्या पोटात असते फक्त बोटभर काचेची बाटली.

त्या बाटलीत किरणोत्सारी औषध असतं. ते शिरेत टोचलं की अंगातली गाठ कुठवर पसरली आहे, ते यंत्रात दिसतं. दूरच्या कारखान्यात ते पहाटे तयार होतं आणि मोटारीनं माझ्या पोटातून कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या दवाखान्यात येतं. वाटेतच त्याचा निम्म्याहून जास्त जोर ओसरतो. साठवून ठेवायची सोय नाही.

नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टर पाहुण्यांना माझी ओळख करून देत. पुढे रंग उडाला, झाकणाला पोचे आले. मधल्या काळात वाऱ्यानं दार आपटू नये म्हणूनही मला लावून ठेवत. तेही काम मी मन लावून केलं.

माझ्यावर जीव होता तो चिमणाबाईंचा. त्या आमच्याकडे झाडलोट करतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्यांना बजावलं होतं, डब्याला हात लावायचा नाही, आत किरणं असतात, जिवाला धोका. तेव्हापासून त्या मला लांबूनच नमस्कार करत.

गेल्या खंडेनवमीला त्यांचीच धाकटी बहीण मीनाबाई हुपरीहून आली होती. घरी पैंजणांना घुंगरू जोडणारी बाई. छातीत गाठ निघाली होती. ती पसरली नसेल तर ऑपरेशन होणार होतं, आणि ते या तपासणीवर ठरणार होतं. सणामुळे त्या दिवशी दुसरा पेशंट नव्हता.

औषध भरणाऱ्या दीक्षा मॅडमनी हात धुतले, मोजे घातले, काचेच्या कपाटात माझं झाकण उघडलं आणि मीनाबाईंची साखर किती आहे ते विचारायला दोन पावलं बाहेर गेल्या. झाकण उघडंच राहिलं.

दरवर्षीप्रमाणे यंत्रांची पूजा चिमणाबाईंकडेच होती. त्यांनी यंत्राला हार घातला, खुर्चीला कुंकू लावलं, मग माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटून कपाटात हात घातला आणि बाटलीच्या रबरी बुचावर हळद-कुंकवाचं बोट टेकवलं.

दीक्षा मॅडम परत आल्या आणि बुचावरचं कुंकू पाहून म्हणाल्या, हे औषध आता चालणार नाही.

"पुसून घ्या की मॅडम," चिमणाबाई म्हणाल्या. "देवीचं कुंकू हाय. त्येनं काय हुतंय?"

"मावशी, कुंकवाच्या पुडीतले काही जंतू स्पिरिटलाही दाद देत नाहीत. याच बुचातून सुई आत जाणार. आणि हे औषध पोटात जात नाही, सरळ रक्तात जातं."

"मला तर सगळ्यांनी सांगितलं, बाटलीपास्नं मला धोका. माझ्यापास्नं बाटलीला धोका, हे कुणी सांगितलं न्हाय."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. चिमणाबाई बहिणीसाठी जिवावर उदार होऊन आत हात घालून बसल्या होत्या.

औषध टाकून दिलं. सुट्टीमुळे पुढची मोटार आठवड्यानं येणार होती. उपाशी आलेल्या मीनाबाईंना दीक्षा मॅडमनी सगळं नीट समजावलं, झाकण उघडं टाकल्याची चूकही कबूल केली. मीनाबाईंनी ऐकून घेतलं आणि एसटी धरली.

ठरल्या दिवशी मी त्यांची नवी बाटली घेऊन आलो. खुर्ची रिकामीच होती. चिमणाबाई धावत हुपरीला जाऊन एकट्याच परतल्या. बहिणीनं घुंगरांवरून मान वर केली नव्हती म्हणे. एवढंच म्हणाली, "देवीचं कुंकू लागल्यालं तुम्ही टाकून दिलंसा. आता माझ्या अंगात काय टोचू नगा." संध्याकाळपर्यंत माझ्या पोटातल्या औषधाचं पाणी झालं.

मीनाबाई नंतर आल्या, पण पुढचा पावसाळा उलटल्यावर. तोवर गाठ पसरली होती, ऑपरेशनचा विषय संपला होता.

मित्रांनो, कुणाला "हात लावू नको" म्हणाल, तर का, तेही पुरतं सांगा. किरणं मी अडवतो. माया अडवेल एवढं जाड शिसं अजून कुणी ओतलेलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला चिमणाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, झेंडूचा हार दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला, आणि हात पाठीमागे बांधून उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. नमस्कारसुद्धा केला नाही.